गणित शिकवण्याची पद्धत पटत नसेल तर शिक्षकांशी कसे बोलावे

वहीतली वजाबाकी ओळखीची वाटली नाही की ‘हे काय भलतेच शिकवतात’ असे पालकांच्या तोंडून निघून जाते. तसे मत बनवण्याआधी तेच उदाहरण मुलाच्या रीतीने स्वतः सोडवून पाहावे. ५२ मधून २७ वजा करताना आपण, दोनातून सात जात नाहीत म्हणून, एक दशक उसना घेतो. मूल मात्र संख्यारेषेवर २७ पासून ३० पर्यंत ३, तिथून ५० पर्यंत २० आणि पुढे २ अशा उड्या मारून त्याच २५ वर पोहोचते. १००२ मधून ९९८ याच रीतीने वजा केल्यास शून्यांवरून उसने आणण्याचा खटाटोप टळतो आणि ४ हे उत्तर चटकन दिसते. मात्र मूल एकेकाच्या बारीक उड्या मारत राहिले, तर वेळही जातो आणि मोजणीही चुकते. ही तक्रार रास्त आहे.

वहीत ५२ वजा २७ चे उत्तर ३५ दिसले, तर मुलाने सातातून दोन वजा केले आहेत, म्हणजे वरचा अंक कोणता याकडे न पाहता मोठ्यातून लहान काढला आहे. ही चूक आपल्या जुन्या उभ्या मांडणीतच सर्रास होते, त्यामुळे तिचे खापर नव्या पद्धतीवर फोडू नये. ‘हे कसे काढलेस?’ एवढेच विचारावे आणि मुलाचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे.

शिक्षकांना भेटताना अशी दोन-तीन उदाहरणे सोबत न्यावीत. ‘तुम्ही पाढे पाठ का करून घेत नाही?’ या प्रश्नाने समोरचा माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. त्याऐवजी ‘सात अठ्ठे विचारले की तो दर वेळी सातापासून मोजत येतो, पाढ्यांचा सराव वर्गात केव्हा होतो?’ असे विचारावे. (पाढे पाठ हवेतच, असे माझे मत आहे, पण ते मत सांगून भेटीची सुरुवात करू नये.)

घरी मुलादेखत शिक्षकांना नावे ठेवणे आणि ‘मलाही गणित कधी जमले नाही’ म्हणणे, दोन्ही टाळावे. पहिली-दुसरीतल्या मुलांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताची धास्ती असलेले पालक वारंवार गृहपाठ घेत, तेव्हा त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकलेली आढळली. आपली उसन्याची रीत दाखवायचीच असेल, तर मुलाचे उत्तर निघाल्यावर ताळा म्हणून दाखवावी.