जुन्या गाडीचा स्टार्टर: आर्मेचर पोल शूला घासत होतं, ते असं सुटलं

लक्षण: नवीन फील्ड कॉइल (बॉडीच्या आतली, चुंबकत्व देणारी गुंडाळी) बसवल्यावर स्टार्टर खरखरत, जड फिरायचा. उघडल्यावर आर्मेचरच्या (आतला फिरणारा भाग) पत्र्यांवर एकाच बाजूला चकचकीत ओरखडे.

बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या) बदलले, शाफ्टचा बाक तपासला; फरक शून्य. डोकं पार उठलं होतं.

खरं कारण म्हणजे पोल शू (कॉइलला बॉडीशी धरून ठेवणारे लोखंडी तुकडे) बॉडीला पूर्ण टेकले नव्हते. नव्या कॉइलवर गुंडाळलेली जाड पट्टी त्यांना आत ढकलते आणि साध्या स्क्रूड्रायव्हरने तेवढा ताण येतच नाही.

आधी प्रत्येक शूवर आणि बॉडीवर जुळती खूण करून सगळं काढलं. बसण्याच्या जागेवरचा रंग, गंज साफ केला. कॉइल कोमट करून, म्हणजे ती वळते, शू हलके अडकवले. मग पोल शू एक्सपांडर (शू बाहेरच्या बाजूला दाबणारं हत्यार) आत घालून शू बॉडीला घट्ट टेकेपर्यंत उघडला आणि तो तसाच ठेवून स्क्रू आवळले. इथे चाकाचा (चाक फिरवून आवळायचा) स्क्रूड्रायव्हरच हवा; तो स्क्रूच्या खाचेत दाबून धरतो, खाच मोडत नाही. एक्सपांडर काढून स्क्रू पुन्हा आवळले.

शेवटी ब्रश (आर्मेचरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) बॉडीपासून दूर धरून कॉइल आणि बॉडीमध्ये टेस्ट लॅम्प लावला. पेटला नाही, म्हणजे कॉइल बॉडीला कुठे लागत नाही. आर्मेचर आता बोटाने मोकळं फिरतं.