निर्वात उष्णतारोधक पॅनेल कसे तयार करावे

जेम्स डेवर यांनी 1892 मध्ये दुहेरी भिंतींचा निर्वात फ्लास्क तयार केला, तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब पेलण्याचे काम काचेच्या गोलाईनेच केले. सपाट पॅनेलला ती सोय नसते. एक चौरस मीटर पृष्ठभागावर वातावरणाचा भार सुमारे दहा टन येतो, त्यामुळे दोन सपाट पत्र्यांमधली हवा काढली की ते एकमेकांवर चिकटतात. म्हणून निर्वात पॅनेलच्या आत असा गाभा ठेवावा लागतो, जो हा भार सोसेल, ज्यातली हवा सहज ओढून घेता येईल आणि जो स्वतः उष्णता फारशी वाहून नेणार नाही. या गाभ्याभोवती हवा रोखणारी बहुस्तरी फिल्म असते. तिच्या पिशवीचे तोंड निर्वातातच बंद केले की पॅनेल तयार होते. कृती वाचायला सोपी असली तरी पंप हा तिचा सर्वांत सोपा भाग आहे; पॅनेल टिकणार की नाही, हे गाभा किती कोरडा आहे आणि सीलची जागा किती स्वच्छ आहे यावर ठरते.

गाभ्यासाठी मुख्यतः दोन पर्याय आहेत. काचतंतूंचा गाभा ताज्या पॅनेलमध्ये 0.002 ते 0.003 वॅट प्रति मीटर केल्व्हिन इतके कमी उष्णतावहन देतो, तर फ्यूम्ड सिलिकाचा, म्हणजे ज्योतीत तयार केलेल्या अतिसूक्ष्म सिलिका भुकटीचा, गाभा 0.004 च्या आसपास. तुलनेसाठी, स्थिर हवेचा आकडा सुमारे 0.026 आहे. काचतंतूंचा आकडा मोहात पाडतो खरा, पण छोट्या कार्यशाळेने सिलिकाच निवडावी, असे माझे मत आहे. वातावरणाच्या दाबाला हवेचा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्याआधी सरासरी 70 नॅनोमीटर अंतर कापतो आणि दाब एक मिलिबारपर्यंत उतरवला की हेच अंतर सुमारे 70 मायक्रॉन होते. सिलिकाची छिद्रे नॅनोमीटरच्या मापाची असल्यामुळे आतला दाब काही मिलिबार असला तरी रेणू एकमेकांऐवजी भिंतींवरच आदळत राहतात आणि हवेमार्फत होणारे वहन जवळजवळ थांबते. काचतंतूंमधली पोकळी कितीतरी मोठी असते, त्यामुळे तिथे 0.1 मिलिबारपेक्षाही कमी दाब वर्षानुवर्षे टिकवावा लागतो आणि किंचित गळतीही महागात पडते. शिवाय सिलिकाचे पॅनेल फुटले तरी तिचे उष्णतावहन 0.020 च्या जवळ राहते, म्हणजे साध्या फोमइतके काम ते करतच राहते.

मिश्रणात सिलिकेसोबत वजनाच्या 10 ते 20 टक्के सिलिकॉन कार्बाइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, कारण शुद्ध सिलिका अवरक्त किरणांना बऱ्यापैकी आरपार जाऊ देते. कडा ढासळू नयेत म्हणून थोडे आखूड तंतूही मिसळतात. ही भुकटी अतिशय हलकी असून जरा हलवली की हवेत उडते, म्हणून मास्क, चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करावे. साच्यात भरून ती प्रेसखाली घनमीटरला 150 ते 200 किलो घनतेपर्यंत दाबावी, मात्र दाब सावकाश वाढवावा. घाई केल्यास आत अडकलेली हवा दाब सोडताच बाहेर पडू पाहते आणि वडीला आडवे थर सुटतात. दाबलेली वडी बारीक छिद्रांच्या न विणलेल्या (नॉन-वोव्हन) कापडात गुंडाळावी; हवा ओढताना भुकटी सीलपर्यंत पोहोचणार नाही, याची ती पहिली तजवीज असते.

यानंतर वाळवण येते, आणि इथे काटकसर करू नये. 50 बाय 50 सेंटिमीटर आकाराची, दोन सेंटिमीटर जाडीची वडी सुमारे 900 ग्रॅम भरते. तिच्यात एक टक्का ओलावा राहिला, तर ते नऊ ग्रॅम पाणी एक मिलिबार दाबाला सुमारे 12 घनमीटर वाफ होते. खोलीच्या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब 23 मिलिबारच्या आसपास असल्याने, मोकळे पाणी आहे तोवर दाब त्याखाली उतरायला तयार होत नाही आणि वाफेने पंपाचे तेलही खराब होते. वडी 110 ते 150 अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये ठेवावी आणि तासाभराच्या अंतराने वजन करावे. लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडला नाही की ती कोरडी झाली असे समजावे. बाहेर काढल्यावर ती हवेतला ओलावा झपाट्याने ओढते, त्यामुळे पिशवी आधीच तयार हवी.

पिशवीसाठी फिल्म निवडताना कडेचा विचार करावा. सलग ॲल्युमिनियम फॉइल वायूला उत्तम रोखते, पण या धातूचे उष्णतावहन 200 च्या घरात, म्हणजे गाभ्याच्या पन्नास हजार पट असते. त्यामुळे उष्णता पॅनेलला वळसा घालून कडेने निघून जाते आणि लहान पॅनेलमध्ये हे नुकसान फार जाणवते. म्हणून ॲल्युमिनियमचा नॅनोमीटर जाडीचा मुलामा दिलेल्या पॉलिएस्टरचे दोन-तीन थर आणि आतून सीलसाठी पॉलिथिलीन, अशी फिल्म वापरतात. सपाट पिशवीची आतली रुंदी वडीची रुंदी अधिक जाडी यांपेक्षा थोडी जास्त ठेवावी, आणि तोंडाच्या बाजूला आणखी दहा सेंटिमीटर सोडावेत. तीन बाजू आधी सील कराव्यात. सीलची पट्टी किमान आठ ते दहा मिलिमीटर रुंद असावी, कारण तिच्या उघड्या कडेतून, पॉलिथिलीनच्या थरातून वायू हळूहळू झिरपत असतो आणि पट्टी रुंद असेल तितकी त्याची वाट लांबते. तापमान फिल्म उत्पादकाने दिलेलेच घ्यावे, पण आधी तुकड्यावर चाचणी करावी: सील दोन्ही हातांनी ओढल्यावर सोलून निघाला तर तो कच्चा आहे, फिल्म ताणून फाटली पाहिजे.

वडी आत सरकवल्यावर तोंडाच्या आतल्या दोन्ही बाजू कोरड्या, धागा न सोडणाऱ्या कापडाने पुसाव्यात आणि तिरप्या उजेडात पाहाव्यात. भुकटीची पुसटशी रेघ जरी पट्टीखाली राहिली, तरी तिथे केसासारखी वाट तयार होते. मग पिशवी निर्वात चेंबरमध्ये तोंड सीलिंग पट्ट्यांमध्ये सुरकुतीविना येईल अशी ठेवावी. चेंबरही भक्कम हवा. 60 सेंटिमीटर चौरस झाकणावर साडेतीन टनांहून अधिक भार येतो, तिथे पातळ ॲक्रिलिक वापरणे धोक्याचे आहे. पंपाचा व्हॉल्व्ह सुरुवातीला थोडाच उघडावा, नाहीतर भुकटी उसळते. दाब एक मिलिबारखाली गेला की व्हॉल्व्ह बंद करून मापक पाहावा: काटा लगेच चढू लागला, तर गाभ्यातून वायू अजून निघतो आहे किंवा चेंबर गळतो आहे. काटा स्थिरावल्यावरच सील करावे आणि पट्टी थंड होईपर्यंत थांबावे, कारण गरम सीलवर हवेचा दाब आला तर तो उकलतो.

हवा आत सोडताच फिल्म गाभ्याला घट्ट बिलगते. पॅनेल फळीसारखे कडक लागते आणि फिल्म चिमटीत येत नाही. दुसऱ्या दिवशी ती चिमटीत आली तर कुठेतरी छिद्र आहे. खरी परीक्षा मात्र पुन्हा चेंबरमध्ये होते. बाहेरचा दाब उतरवत नेल्यावर तो आतल्या दाबापेक्षा कमी झाला की फिल्म उचलली जाते. तो आकडा नोंदवावा आणि काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करावी. सिलिकाच्या चांगल्या पॅनेलमध्ये दाब वर्षाला एक मिलिबारच्या आसपास वाढतो. उष्णतावहन आयएसओ 8301 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार उष्णताप्रवाह मापकाने मोजता येते, पण तो मध्यभागाचा आकडा असतो. बांधकामाच्या गणितात कड आणि वय धरून 0.007 ते 0.008 घ्यावा.

तयार पॅनेल कापता येत नाही आणि त्यात खिळाही ठोकता येत नाही, म्हणून मापे वडी दाबण्याआधीच पक्की करावीत. सीलच्या पट्ट्या दुमडून चिकटपट्टीने बसवाव्यात, दोन्ही पृष्ठांवर पातळ फोम किंवा रबराचा थर द्यावा आणि बसवण्याच्या दिवशी प्रत्येक पॅनेल चिमटीने पुन्हा तपासूनच जागेवर ठेवावे.