चोरल-जानापावला निघण्याआधी: ताडपत्री आणि फोनमधला एआय

चोरल-जानापावकडच्या रानात रेंज मिळेल या भरवशावर इंदूरहून निघू नका. ताडपत्रीचा निवारा कसा बांधायचा हे रानातही विचारता यावं म्हणून, इंटरनेटशिवाय फोनमध्येच चालणारं एआय मॉडेल (प्रश्नांना उत्तरं देणारा प्रोग्राम) आठवडाभर आधी घरच्या वायफायवर उतरवून घ्या. तीन अब्ज पॅरामीटरचं (पॅरामीटर म्हणजे मॉडेलच्या आतले शिकलेले आकडे), चार बिटांत आवळलेलं, म्हणजे कमी जागेत बसवलेलं मॉडेल साधारण २ जीबी जागा घेतं. फोनची रॅम ८ जीबी असली की बरं चालतं. मग एअरप्लेन मोड लावून, अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि एक प्रश्न विचारा. उत्तर आलं तरच ते खरंच फोनमध्ये आहे. भाषाही बघून ठेवा: मेटा कंपनीच्या लामा ३.२ या मॉडेलच्या अधिकृत आठ भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. आपल्याला हिंदी घरचीच, तेव्हा हिंदीत विचारावं.

मॉडेलला तुमच्या पायाखालची जमीन दिसत नाही, म्हणून पहिलं वाक्य तयार ठेवा: ‘आधी मला वारा, उतार, माती, पाणी आणि माणसं किती ते विचार, मगच निवारा सांग.’ गेल्या वर्षी मी नुसतंच ‘ताडपत्री कुठे बांधू’ विचारलं, तर एका मॉडेलनं ओढ्याकाठची सपाट वाळू सुचवली, तीही अगदी ठामपणे. २०११ च्या जुलैत इंदूरजवळच्या पातालपाणी धबधब्याला अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. आपल्या डोक्यावर थेंब नसला तरी वर पडलेला पाऊस ओढ्यातून खाली येतोच. म्हणून जागा आपणच निवडायची: पात्रापासून लांब आणि उंचावर, पण टेकडीच्या माथ्यावर नाही, एकट्या झाडाखाली नाही, आणि मान वर करून वाळकी फांदी लोंबत नाही ना ते बघून. एवढं कागदावर लिहून खिशात ठेवा.

ताडपत्री, नायलॉनची दोरी, खुंट्या इंदूरच्या सियागंज बाजारातून आणा. ताडपत्रीच्या कडांना धातूच्या कड्या हव्यात. खुंट्या दीड फुटाच्या तरी घ्याच. आपली काळी माती भिजली की आखूड खुंटी मळलेल्या कणकेतून बोट निघावं तशी निघून येते. खुंटीचं डोकं ताडपत्रीपासून बाहेर झुकलेलं ठेवा, आणि माती फारच ओली असली तर दोरी सरळ मोठ्या दगडाला बांधा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: एकदा घराच्या गच्चीवर बांधून बघा. तिथे खुंट्यांऐवजी कठडा आणि भरलेल्या बादल्या चालतील. एकानं फोनवरचं वाचायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकून बांधायचं. बांधणारा ‘कुठली दोरी?’ म्हणून थांबला की ती पायरी मॉडेलकडून पुन्हा, आणखी सोपी करून घ्या. वाऱ्याकडची कड खाली, मागची बाजू पुरेशी उंच, आणि शेवटी सुरगाठ, म्हणजे गारठलेल्या बोटांनीही सुटेल. मग वरून बादलीभर पाणी ओता. मधे पोट धरून पाणी साचलं तर उतार कमी आहे; आम्हाला तो दोनदा वाढवावा लागला. जमलेल्या पायऱ्यांचे स्क्रीनशॉट ठेवा. रानात तेच आधी उघडायचे, मॉडेल फक्त अडल्यावर.

मॉडेल चालताना फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ५,०००चा फोन प्रत्यक्षात अडीच-तीनदाच भरते. म्हणून प्रश्न दुपारी चारच्या आत, उजेडात संपवा. मुक्कामासाठी वनखात्याची परवानगी आधी काढा, ओली झाडं तोडू नका, आणि कुठे जाताय नि किती वाजता परतणार ते घरच्या फ्रिजवर लिहून लावा.