पहिला टर्बो नऊ दिवसांत गेला

आयटीआय करून नागपूरजवळच्या वाडीच्या गॅरेजात लागलो, तेव्हा पहिले सहा महिने हातात फक्त ऑइल, फिल्टर आणि ब्रेक. मग एका मे महिन्यात उस्तादांनी १२४८ सीसीची एक डिझेल गाडी माझ्या एकट्यावर सोडली. सत्याग्रही घाटात पिकअप घेत नाही, मागून निळा धूर, ॲक्सिलरेटर दाबला की ॲम्ब्युलन्ससारखी शिट्टी. मी टर्बो, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा, बदलला. गाडी मस्त पळाली आणि नवव्या दिवशी टोचन लावून परत आली.

टर्बो खराब आहे हे मात्र मी बरोबर ओळखलं होतं. आधी धूर पाहायचा. काळा धूर आणि पिकअप कमी, म्हणजे इंजिनाला हवा कमी पडते. अशा वेळी टर्बोवर घसरू नका, इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोतून येणारी तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे, होज आणि क्लिपा तपासा. फुटलेल्या होजपायी चांगला टर्बो उतरवणारे पोट्टे मी पाहिलेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण ते पिस्टनच्या रिंगांमधूनही येऊ शकतं किंवा इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबल्यानेही. होजमध्ये ऑइलचा पातळ थर दिसला तर घाबरायचं कारण नाही, तेवढं असतंच.

खरा निकाल हाताला लागतो. इंजिन थंड करा, टर्बोकडे जाणारा हवेचा होज काढा आणि पातं ज्यावर फिरतं त्या शाफ्टचं टोक दोन बोटांत धरा. वर-खाली किंचित हलणारच, कारण आतलं बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं आणि बंद गाडीत तो थर नसतो. मागे-पुढे मात्र हलल्याचं बोटांना जाणवायला नको. माझ्या गाडीत शाफ्ट दोन्हीकडे हलत होता आणि पात्यांच्या कडा टर्बोच्या कवचाला घासून चकाकत होत्या. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणारी वस्तू घासली की संपलीच.

मी बसवलेला टर्बो उघडून पाहिल्यावर उस्ताद म्हणाले, "बे, नवीन बसवला, पण जुना काहून मेला हे पाह्यलं का?" टर्बोला ऑइल नेणारा जुनाच पाइप मी परत लावला होता. त्यांनी तो हेक्सॉने कापला. आत इतका कार्बन की पेनची रिफिलही जाईना. मग मालकाला विचारलं. ऑइल बदलायला बराच उशीर करायचा आणि अमरावतीहून ४५ अंशांच्या उन्हात रेटत आणलेली गाडी दारात उभी केली की लगेच किल्ली बंद. ऑइलचा पुरवठा थांबतो, टर्बो लालबुंद तापलेला असतो आणि आतलं ऑइल जागच्या जागी जळून कोळसा होतं. अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवली असती तर बरंच वाचलं असतं.

पुढचा टर्बो बसवताना इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवून ऑइलची जाळी धुतली. पाइप, तो जोडणारा पोकळ बॅन्जो बोल्ट, तांब्याचे वॉशर, ऑइल, फिल्टर, सगळं नवं. ऑइल पाइपच्या पॅकिंगला सिलिकॉन अजिबात लावू नका, त्याचा तुकडा सुटून ऑइलचं भोकच बंद करतो. इंटरकूलर काढून उलटा केला तर अर्धा ग्लास ऑइल निघालं. हे आत राहिलं तर इंजिन डिझेलशिवाय त्याच ऑइलवर स्वतःहून रेस होऊ शकतं आणि किल्ली काढूनही थांबत नाही. तेव्हा ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडत गाडी बंद पाडावी लागते. मी एकदाच पाहिलंय, पुरे झालं.

सायलेन्सरकडचे स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, आदल्या संध्याकाळीच स्प्रे मारून भिजवा. टर्बोपेक्षा तुटलेला स्टड ड्रिल करण्यात माझे जास्त तास गेलेत.

बसवल्यावर टर्बोच्या ऑइलच्या तोंडात ताजं ऑइल ओता, पातं हाताने फिरवा. मग गाडी सुरू होऊ नये म्हणून इंजेक्टरचे सॉकेट काढून थोडं थोडं सेल्फ मारा, परतीच्या पाइपातून ऑइल येताना दिसेपर्यंत. सॉकेट लावून गाडी सुरू केली की तीन-चार मिनिटं नुसती आयडलवर. मालक शेजारी उभा राहून "रेस करून दाखव ना भाऊ" म्हणेल, तरी नाही.

वाया गेलेल्या टर्बोचे पैसे उस्तादांनी भरले आणि माझ्या पगारातून दोन हप्त्यांत वळते केले. कापलेल्या पाइपचा तुकडा मात्र मी टूलबॉक्समध्ये ठेवलाय. गिऱ्हाईक "जुना पाइप चालते ना?" म्हणालं की तोच त्याच्या हातात देतो, सोबत एक रिफिल.