अतिलठ्ठ मुलांचं हृदय आणि फुफ्फुसं: या चुका टाळा

चौदा वर्षांचा मुलगा, बीपी १४८/९२. गोळी सुरू करायची घाई करण्याआधी एकच विचारा: बीपी मोजताना दंडाला पट्टा कोणता बांधला होता? बऱ्याच ओपीडींत एकच पट्टा असतो आणि तोच सगळ्यांना. खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. पट्ट्यातल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी घेराच्या किमान ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. दंड ३६ सेंमी असेल तर १४.४ सेंमी रुंदी लागते. नेहमीचा १३ सेंमीचा पट्टा तिथे अरुंद पडतो आणि आकडा उगाच चढतो. १६ सेंमीचा पट्टा विकत घ्या, फार महाग नसतो. पाच मिनिटं शांत बसवा, पाय जमिनीला टेकलेले, उजवा दंड हृदयाच्या पातळीला. मशीनवर जास्त आलं तर स्टेथोस्कोप लावून पुन्हा बघा.

एवढं करूनही तीन वेगवेगळ्या भेटींत १३०/८० किंवा वर (१३ वर्षांपुढे) आलं, तर मात्र ‘घाबरलाय’ म्हणून सोडू नका. तो खरंच वाढलेला रक्तदाब असू शकतो. इको (हृदयाची सोनोग्राफी) काढा, हृदयाचा डावा कप्पा जाड झालाय का बघा.

दुसरी आवडती चूक म्हणजे घोरणं. ‘दमून गाढ झोपलाय’ म्हणे! मान मागे टाकून झोपणं, मध्येच श्वास थांबून धापकन सुरू होणं, सकाळी डोकं दुखणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, वर्गात डुलक्या: हा स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा आजार) असू शकतो. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, छाती-पोट उघडं ठेवून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. छाती आत जाताना पोट वर येतंय का, ते त्यात दिसतं. मग झोपेची तपासणी. टॉन्सिल काढले म्हणजे काम झालं, असं लठ्ठ मुलांत धरून चालू नका. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा. सीपॅपचा (झोपेत दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा) मास्क गळत असेल तर मशीनला दोष न देता माप बदला.

जिना चढताना धाप लागली की लगेच दम्याचा पंप, हेही नको. आधी स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी).

आणि झोपाळलेल्या, ऑक्सिजन कमी झालेल्या मुलाला नुसता ऑक्सिजन लावून निर्धास्त होऊ नका. आकडा सुधारतो, पण आत कार्बन डायऑक्साइड साचत राहू शकतो. रक्तातलं बायकार्बोनेट २७ मिलिमोल/लिटर किंवा वर असेल तर ब्लड गॅस (रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची तपासणी) करा.