रक्तवाहिनीच्या पेशींना ताण कसा कळतो, हे प्रयोगाने कसे पाहावे

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर धमनीची भिंत किंचित रुंदावते आणि पुन्हा आकसते. हा ताण तिच्या अस्तराच्या पेशींना कसा जाणवतो, हे पाहण्यासाठी मानवी नाळेच्या शिरेतून मिळवलेल्या पेशी लवचीक, पारदर्शक सिलिकॉनच्या पटलावर वाढवाव्यात. नुसत्या सिलिकॉनवर पेशी नीट चिकटत नाहीत, म्हणून आधी फायब्रोनेक्टिन या पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा लेप द्यावा. शेजारच्या पेशी एकमेकींना भिडून थर अखंड झाल्याशिवाय ताण सुरू करू नये, कारण पेशींमधील सांध्यांवरची प्रथिनेही ताण ओळखण्यात भाग घेतात.

पटल एकाच दिशेने, लांबीच्या सुमारे 10 टक्के, सेकंदाला एकदा ताणावे. हा वेग मिनिटाला 60 ठोक्यांइतका होतो. यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यावर मात्र विसंबू नये. पटलावर दोन खुणा करून ताणापूर्वीचे आणि ताणलेल्या अवस्थेतले अंतर सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजावे, कारण कडेला आणि मध्यभागी ताण सारखा नसतो.

तुलनेसाठीच्या पेशी प्लास्टिकच्या बशीत वाढवणे ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. कडक प्लास्टिकवर पेशींचे वागणे मुळातच वेगळे असते, म्हणून त्याही तशाच लेपाच्या पटलावर, त्याच उबवणयंत्रात, फक्त न ताणता ठेवाव्यात.

ताण देताच काही सेकंदांत पेशींत कॅल्शियम शिरते. ते चमकणाऱ्या रंगद्रव्याने टिपता येते. यात पिएझो1 या, पेशीच्या आवरणातल्या आणि ताण पडताच उघडणाऱ्या प्रथिन-वाहिनीचा मोठा वाटा असतो. तिचा शोध आर्देम पातापुतियान यांच्या प्रयोगशाळेने 2010 मध्ये जाहीर केला आणि 2021 च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. गॅडोलिनियम या, अशा वाहिन्या बंद करणाऱ्या धातूच्या क्षाराने कॅल्शियमची ही लाट थांबली, तरी तेवढ्यावरून पिएझो1 चे नाव घेऊ नये, कारण गॅडोलिनियम इतरही अनेक वाहिन्या बंद करते. त्यासाठी त्या वाहिनीचे जनुक निष्प्रभ करूनच पडताळणी करावी. शिवाय फॉस्फेट असलेल्या द्रावात गॅडोलिनियमचा साका बसतो, तेव्हा द्राव फॉस्फेटविरहित असावा.

काही तासांनंतर पेशी आणि त्यांना आकार देणारे ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू ताणाच्या दिशेला आडवे वळलेले आढळतात. पेशी रसायनाने स्थिर करून, ॲक्टिनला चिकटणाऱ्या फॅलॉइडिनने (चमकणारा रंग जोडलेल्या) तंतू रंगवावेत आणि प्रत्येक पेशीच्या लांब अक्षाचा ताणाच्या दिशेशी होणारा कोन मोजावा. मोजणाऱ्याला कोणते पटल ताणलेले होते, हे आधी सांगू नये.