हातच्याची बेरीज: चुकलेलं उत्तर आधी वाचा, आणि या चुका टाळा

२७ + ३५. दुसरीच्या वर्गात हे एक गणित फळ्यावर टाकलं की वह्यांमध्ये तीन चुकीची उत्तरं हमखास सापडतात: ५२, ५१२ आणि ७१. घरी मात्र तिन्हींवर एकच औषध दिलं जातं. "हातचा विसरलास, पुन्हा कर." खरं तर हातचा विसरलंय ते फक्त ५२ लिहिणारं मूल. बाकी दोघांचं दुखणं निराळं आहे आणि दहा वेळा तेच गणित घालून ते बरं होत नाही.

५१२ लिहिणाऱ्या मुलाच्या दोन्ही बेरजा बरोबर आहेत. सात नि पाच बारा, दोन नि तीन पाच. त्याच्या लेखी ही शेजारी शेजारी मांडलेली दोन गणितं आहेत. एककाच्या घरात नऊच्या वर काही मावत नाही, हे त्याने कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. अशा वेळी वही मिटा आणि काड्या काढा. दहा-दहाचे गठ्ठे आणि उरलेल्या सुट्ट्या. २७ म्हणजे दोन गठ्ठे नि सात सुट्ट्या, ३५ म्हणजे तीन गठ्ठे नि पाच सुट्ट्या. सगळ्या सुट्ट्या एकत्र करून मोजायला लावा, आणि बारा झाल्या की आपण गप्प बसा. रबर मुलाच्या हातात द्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीने दहा काड्यांना रबर दोनदा गुंडाळलं, गठ्ठा उचलला आणि आता हा ठेवू कुठे, म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. तिने तो बाकीच्या पाच गठ्ठ्यांशेजारी नेऊन ठेवला. सहा गठ्ठे, दोन सुट्ट्या. दशकाच्या डोक्यावर लिहायचा छोटा १ कुठून येतो, हे तिला पुन्हा सांगावं लागलं नाही.

आपली मोठी चूक इथेच होते. "हातचा एक" म्हणताना तो एक दशक आहे, हे आपण सांगतच नाही. काही दिवस तरी "हातचा एक दशक" असं पूर्ण म्हणा.

७१ कसं येतं? बारा लिहिताना पेन्सिल आधी १ काढते. तोच १ खाली उतरतो आणि २ वर हातचा म्हणून जातो. या मुलाला बाजूला १२ लिहायला सांगा आणि विचारा, "यातले सुट्टे किती?" उत्तर त्याला येतं, फक्त ते विचारायला हवं.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भाषेतली. आपण 'सत्तावीस' म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतो आणि वीस नंतर. तोंडी गणित घातलं की काही मुलं ७२ लिहितात, त्यात ३५ मिळवतात आणि १०७ आणतात. बेरीज चोख असते, चुकलेली असते ती संख्या. बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस सात' असं वाचनही दिलं, तेव्हा त्याची बरीच थट्टा झाली. मला मात्र हातचा शिकवताना ते फार उपयोगी वाटतं. 'सत्तावीस' जाऊ द्यायचं नाहीच, पण गणित मांडताना 'वीस सात' म्हटलं की दशक आणि एकक आपापल्या घरात जाऊन बसतात. एकोणतीस, एकोणचाळीसमध्ये तर 'नऊ' ऐकूच येत नाही, तिथे याची जास्तच गरज पडते.

आता ५२. हे मूल बोटांवर सात नि पाच मोजण्यात इतकं गुंततं की हातचा मनातून निसटतो. बोटांवरून रागावू नका. आधी दहाच्या जोड्या पक्क्या करा: ८ नि २, ७ नि ३, ६ नि ४. मग ७ नि ५ करताना पाचातले तीन साताला दिले की दहा, उरले दोन.

४८ + ७ चं उत्तर ११८ आलं, तर सात चाराखाली मांडलाय. चौकटीची वही द्या, एवढं पुरतं.

सलग हातच्याचीच गणितं देऊ नका. मूल सवयीने २३ + १४ मध्येही वर १ लिहून मोकळं होतं आणि ३७ ऐवजी ४७ लिहितं. मधेमधे बिनहातच्याची गणितं पेरा. आणि हातचा नेहमी एकच असतो हा समज मोडायला २८ + ३९ + ४७ द्या. चोवीस सुट्ट्या काड्या समोर आल्या की मूल दुसरं रबर मागतं.